इकोच्या रिपोर्टमधला चुना

पासष्टी-सत्तरीतल्या माणसाचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला की रिपोर्टच्या तळाशी एक ओळ बऱ्याचदा असतेच: ‘एओर्टिक व्हॉल्व्ह स्क्लेरोटिक’, नाहीतर ‘माइल्ड मायट्रल अ‍ॅन्युलर कॅल्सिफिकेशन’. म्हणजे हृदयाच्या झडपेवर जाडपणा किंवा कॅल्शियमचा साठा, बोलीत चुना. डॉक्टर ‘वयानुसार आहे’ एवढं म्हणून पुढचा पेशंट बोलावतात. घरी आल्यावर मुलगा मोबाइलवर शोधतो आणि त्याला ‘स्ट्रोक’, म्हणजे पक्षाघात, हा शब्द दिसतो. दुसऱ्या दिवसापासून तात्यांचं दूध बंद, आक्कांची हाडांची गोळी बंद, आणि शेजाऱ्याच्या सल्ल्यानं अ‍ॅस्पिरिन सुरू. तिन्ही निर्णय घाईचे. त्यात अ‍ॅस्पिरिनचा सगळ्यात महागात पडू शकतो.

आधी दुधाचं बघू. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेऊन पेलाभर दूध पिणाऱ्यांच्या झडपा त्या दुधामुळं कडक होतात, असा पुरावा नाही. रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या अरुंद पट्ट्यात ठेवायचं काम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी करतात. दोन पेले जास्त प्यायल्यानं तो पट्टा मोडत नाही. झडपेवर कॅल्शियम बसतं ते झडपेतल्या पेशींच्या करणीनं. सुरुवात धमनीत चरबी साठते तशीच होते: वरचा पातळ थर दुखावतो, त्याखाली कोलेस्टेरॉल शिरतं, सूज धरते. मग झडपेतल्या काही पेशी हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या झडपांमध्ये तर सूक्ष्मदर्शकाखाली खरंच हाडाचा तुकडा सापडतो. गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात ती उपमा लोक देतात. ती दिसायला बरी आहे, पण तिच्यामुळंच ‘चुना विरघळवणारं काहीतरी’ शोधायची बुद्धी होते. असं विरघळवणारं औषध आजमितीला नाही.

गोळीचं गणित थोडं वेगळं. एओर्टिक स्टेनोसिस (एओर्टिक झडप अरुंद होणं) असलेल्या वयस्क रुग्णांच्या एका निरीक्षणात, कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि झडप बदलायची वेळ येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. निरीक्षणच ते, त्यावरून गोळीनंच केलं असं सिद्ध होत नाही. पण हाडं ठिसूळ नसताना, कुणी लिहून न देता वर्षानुवर्षं गोळी चालू असेल, तर ‘ही कशासाठी?’ हे विचारायला हवं. हाडांसाठी लिहून दिलेली असेल तर स्वतःहून थांबवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज’ हा उपाय मूत्रपिंडाच्या रुग्णानं तर अजिबात करू नये. किडनी निकामी झाली की फॉस्फरस-कॅल्शियमचा तोल बिघडतो, आणि डायलिसिसवरच्या माणसाच्या झडपेवर इतरांपेक्षा कितीतरी आधी आणि झपाट्यानं साठा होतो.

आता जागा. हृदयात चार झडपा, पण हा प्रकार मुख्यतः डाव्या बाजूच्या दोन्हींवर, एओर्टिक आणि मायट्रलवर, होतो, कारण दाब तिथं जास्त. एओर्टिक झडपेची तीन पाती एक मिलिमीटरहूनही पातळ असतात आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडतात-मिटतात. शंभरातल्या एक-दोघांना जन्मतः तीनऐवजी दोनच पाती असतात, त्यांच्यात हे सगळं पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं. रिपोर्टवर ‘बायकस्पिड’ लिहिलेलं असेल तर सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचाही एकदा इको करून घ्यावा.

दुसरी जागा म्हणजे मायट्रल झडपेची कडी. झडपेची पाती ज्या गोल चौकटीत बसवलेली असतात ती अ‍ॅन्युलस. तिच्यावर, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, साठा होतो. रिपोर्टवर याला ‘एमएसी’ लिहितात, बोलताना मॅक. बायकांमध्ये, उतारवयात, बीपी आणि किडनीच्या आजारात जास्त.

पक्षाघाताशी नाव जोडलं गेलंय ते मुख्यतः या कडीचं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासात ११५९ वयस्क माणसांच्या इकोत कडीवरच्या साठ्याची जाडी मोजली आणि आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९२ साली निष्कर्ष आला: साठा असणाऱ्यांमध्ये स्ट्रोकचा धोका सुमारे दुप्पट, आणि जाडीच्या दर मिलिमीटरमागं साधारण २४ टक्क्यांनी वाढता. बीपी, मधुमेह, धूम्रपान, हृदयाची अनियमित लय हे सगळं हिशेबात धरूनही. म्हणून ‘आहे की नाही’ एवढ्यावर न थांबता ‘किती मिलिमीटर’ हे इको करणाऱ्याला विचारण्यासारखं आहे. एओर्टिक स्क्लेरोसिसचं तसं नाही. १९९९ च्या एका मोठ्या अभ्यासात त्याचा हृदयरोगानं होणाऱ्या मृत्यूशी सुमारे ५० टक्के जास्त धोक्याचा संबंध दिसला, पण निव्वळ पक्षाघाताशी नातं त्यामानानं कच्चं आहे.

दुप्पट म्हटलं की छातीत धस्स होतं. पण हा साठा कितीदा गुन्हेगार असतो आणि कितीदा नुसता साक्षीदार? माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक वेळा साक्षीदार. ज्या माणसाच्या झडपेवर कॅल्शियम बसलं, त्याच्या मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीतही तोच उद्योग चालू असण्याची शक्यता मोठी. तिथली चरबीची गाठ फुटते, गुठळी मेंदूत जाते, आणि रिपोर्टवर नाव दिसतं झडपेचं.

दुसरी वाट लयीची. मायट्रलची कडी डाव्या कर्णिकेला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याला, लागून असते आणि हृदयाच्या वायरिंगलाही. कडी कडक, झडप गळकी किंवा अरुंद, त्यामुळं कर्णिका ताणली जाते. इकोत ‘एलए’ समोरचा आकडा साधारण ४० मिमीच्या आत असावा. ती ताणली की एट्रियल फिब्रिलेशन ही अनियमित लय सुरू व्हायला निमित्त लागत नाही. कर्णिका आकुंचन पावायच्या ऐवजी नुसती थरथरते, तिच्या कोपऱ्यातल्या पिशवीसारख्या अपेंडेजमध्ये रक्त साचतं आणि गोठतं. या लयीनं स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट होतो. म्हणजे झडपेवरच्या चुन्यापेक्षा नाडीतला गोंधळ जास्त घातक, आणि नाडी फुकटात तपासता येते.

तिसरी वाट खरी झडपेचीच: साठ्याचा वरचा थर फाटून त्यावर गुठळी बसते, किंवा कॅल्शियमचाच कण सुटतो. हे कमी घडतं, पण घडलं तर ओळखायला हवं. साध्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या धमनीत पांढराशुभ्र गोल ठिपका दिसतो. ताज्या गुठळीची घनता साधारण ५० ते ८० हौन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक) असते, कॅल्शियमच्या कणाची शंभराच्या बरीच वर. घाईत हा ठिपका ‘धमनीच्या भिंतीतलं जुनं कॅल्शियम’ म्हणून सुटून जाऊ शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दगडावर चालत नाही, आणि तारेनं ओढून काढणंही अशा कणात अवघड जातं. कधी हा कण डोळ्यात जातो. एका डोळ्यापुढं पडदा ओढल्यासारखा अंधार येतो आणि काही मिनिटांनी जातो. नेत्रतज्ज्ञाला डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) मळकट पांढरा कण दिसला तर पुढची चिठ्ठी टूडी इकोची आणि कॅरोटिड डॉपलरची (मानेतल्या धमनीची सोनोग्राफी) असते. ‘मोतीबिंदू असेल’ म्हणून घरी बसू नये.

वयाची पस्तिशी-चाळिशी, शेतात काम करणारी बाई, जिना चढताना दम, आणि रिपोर्टवर ‘ऱ्हुमॅटिक’: हा वेगळा आजार. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, त्याचा डाग झडपेवर राहतो. इथं कॅल्शियम पात्यांच्या टोकांवर आणि पाती जिथं एकमेकांना मिळतात त्या जोडांवर बसतं, पाती एकमेकांना चिकटतात. मॅकमध्ये साठा कडीपासून आत सरकतो, यात टोकापासून बाहेर. हा फरक इकोत दिसतो आणि तो लिहून घ्यावा, कारण औषध त्यावर ठरतं. फ्रॅमिंगहॅमच्याच १९७८ च्या आकड्यांत साध्या एट्रियल फिब्रिलेशनचा धोका पाच-सहा पट, तर ऱ्हुमॅटिक झडपेसोबतच्या फिब्रिलेशनचा सतरापटीहून जास्त होता. मायट्रल मध्यम किंवा जास्त अरुंद असेल आणि लय बिघडलेली असेल, तर नव्या महागड्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालत नाहीत. जुनी गोळी, वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच लागते, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवून. २०२२ मध्ये साडेचार हजारांवर ऱ्हुमॅटिक रुग्णांवरच्या चाचणीत जुन्या गोळीनंच कमी मृत्यू दिले. ‘सारखं रक्त तपासायला लागतं म्हणून बदलून द्या’ असा हट्ट धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता रिपोर्ट हातात घ्या. एओर्टिक झडपेसमोर तीन आकडे शोधा: झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक), आणि झडप उघडते ते क्षेत्रफळ. नुसता जाडपणा असेल तर वेग २ ते २.५ मीटर प्रति सेकंदापर्यंत राहतो, तो स्क्लेरोसिस. ३ च्या आत असेल आणि झडप अडायला लागलेली असेल तर माइल्ड स्टेनोसिस, ३ ते ४ मॉडरेट, ४ किंवा वर सिव्हिअर. सिव्हिअरला मीन ग्रेडियंट ४० किंवा वर आणि क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. स्क्लेरोसिस असलेल्या शंभरातल्या साधारण दोघांचीच गाडी वर्षाला स्टेनोसिसकडं सरकते. एकदा मध्यम झाली की मात्र वेग वर्षाला सुमारे ०.३ मीटरनं वाढतो आणि क्षेत्रफळ ०.१ नं घटतं. म्हणून माइल्डला तीन ते पाच वर्षांनी इको, मॉडरेटला एक-दोन वर्षांनी, सिव्हिअरला सहा ते बारा महिन्यांनी. दर तीन महिन्यांनी भीतीपोटी इको करण्यात फक्त पैसे जातात.

आकडे चुकतातही, आणि कुठं चुकतात ते माहीत असलेलं बरं. क्षेत्रफळ काढताना झडपेखालच्या नळीचा व्यास मोजून त्याचा वर्ग करतात. २० मिमीच्या जागी १८ मोजला गेला की झडप कागदावर १९ टक्क्यांनी अरुंद होते, माणूस तोच. उलट, डॉपलरची रेषा रक्ताच्या धारेला सरळ न लागता तिरकी लागली तर वेग कमी येतो आणि सिव्हिअर झडप मॉडरेट दिसते. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर झडप अरुंद असूनही ग्रेडियंट ४० ला पोचत नाही. आणि मशीनचा गेन (चित्राचा उजळपणा) वाढवून ठेवलेला असेल तर साधा जाडपणाही चुन्यासारखा चमकतो. वेग एक सांगतो, क्षेत्रफळ दुसरंच, अशा वेळी बिनाडायचं सीटी कॅल्शियम स्कोअर कामाला येतो: पुरुषांत २००० आणि बायकांत १२०० च्या वर असेल तर झडप खरोखर सिव्हिअर असण्याची शक्यता दाट. त्यासाठी कॅथेटर झडपेतून पलीकडं घालून दाब मोजायची सहसा गरज नसते. २००३ च्या एका जर्मन अभ्यासात असं करून घेतलेल्या १०१ पैकी २२ जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूत ताजे डाग सापडले, तिघांना लक्षणंही आली. अँजिओग्राफी करताना झडप ओलांडणार का, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

नाडी कशी बघायची? रंकाळ्याची फेरी मारून आल्या आल्या नको. पाच मिनिटं खुर्चीत बसा. अंगठ्याच्या बुडाखाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट मोजा. मधेच एखादा ठोका चुकणं वेगळं. ठोक्यांमधलं अंतर कधी लांब, कधी जवळ, जोरही कमी-जास्त, काही ताल सापडतच नसेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा. ईसीजी चांगला आला आणि त्रास येत-जात असेल तर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), आणि कारण न सापडलेल्या पक्षाघातानंतर त्याहूनही जास्त दिवसांचा. साठा असलेल्या घरातल्या माणसाची नाडी आठवड्यातून एकदा बघायची सवय लागली तर तिचा उपयोग कुठल्याही काढ्यापेक्षा जास्त.

अ‍ॅस्पिरिनकडं येतो. झडपेवर नुसता साठा आहे, पूर्वी पक्षाघात नाही, हार्ट अटॅक नाही, स्टेंट नाही, लय सरळ आहे: तर रक्त पातळ करायची गोळी लागत नाही. २०१८ मध्ये एकोणीस हजारांवर वयस्क निरोगी माणसांवर, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनची चाचणी झाली. फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढले. पक्षाघात किंवा त्याची छोटी झलक येऊन गेली आणि फिब्रिलेशन नसेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी गोळी. फिब्रिलेशन असेल तर अँटीकोअ‍ॅग्युलंट. म्हणजे वॉरफरिनसारखी किंवा नवी गोळी. हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ या एकाच नावाखाली ते घरोघरी मिसळले जातात. सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिसमध्ये आणखी एक खोच आहे. अरुंद झडपेतून जाताना रक्त थांबवणाऱ्या व्हॉन विलेब्रँड प्रथिनाचे तुकडे होतात, आणि आतड्यातल्या नाजूक वाहिन्यांतून रक्त झिरपतं. काळी शौच, घटतं हिमोग्लोबिन, आणि कारण सापडत नाही. हाइड या डॉक्टरनं १९५८ मध्ये ही जोडी नोंदवली. अशा माणसाला शेजाऱ्याची अ‍ॅस्पिरिन म्हणजे काय, ते सांगायला नको. छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याचंही तसंच: सिव्हिअर झडप असेल तर बीपी एकदम कोसळू शकतं.

साठा थांबवायला कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी वापरून पाहिली गेली. २००५, २००८ आणि २०१० च्या तिन्ही चाचण्यांत झडप अरुंद होण्याचा वेग काही मंदावला नाही. के-२ जीवनसत्त्वाचा बराच गवगवा झाला, २०२२ ची डॅनिश चाचणी तीही आशा मोडून गेली. तरी स्टॅटिन लिहिलेली असेल तर चालू ठेवा. ती धमन्यांसाठी आहे, आणि पक्षाघात बहुतेकदा तिथूनच येतो. लायपोप्रोटीन-ए ही रक्ताची तपासणी आयुष्यात एकदा करावी. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर झडप आणि धमन्या दोन्हींना आनुवंशिक धोका आहे असं समजायचं आणि बाकीचे धोके आणखी घट्ट आवळायचे.

बाकीचे म्हणजे बीपी १३०/८०च्या आत, साखर, आणि तंबाखू. बायकांना ‘तंबाखू खाता का’ विचारलं की ‘नाही’ येतं, कारण मशेरी त्यांच्या हिशेबी तंबाखू नाही. मशेरी वेगळी विचारावी लागते. मिठाचं म्हणाल तर बदनाम होतो रस्सा, पण तांबडा-पांढरा रविवारचा असतो. पापड, लोणचं, खर्डा, फरसाण रोजचं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा मीठ, याच्या आत राहायचं.

किडलेला दात काढायचा असेल तर? स्वतःच्या झडपेवर साठा आहे एवढ्यासाठी आधी अँटिबायोटिक लागत नाही. कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल तर लागतं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. आणि साठा असलेल्या माणसाला आठ-दहा दिवस बारीक ताप राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) घ्यायला सांगा. झडपेवरचा संसर्ग हीही गुठळीची एक वाट आहे, आणि चार गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत.

झडप बदलायची वेळ लक्षणं ठरवतात: चढावर दम, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं. ज्योतिबाच्या पायऱ्या गेल्या वर्षी जितक्या चढत होतात तितक्या आता चढवत नसतील तर ते वयावर ढकलू नका. मांडीतून कॅथेटर घालून झडप बसवायची पद्धत, टावी, २००२ मध्ये फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा केली. तिच्यातही पहिल्या महिन्यात शंभरात दोन-तीन जणांना पक्षाघात होतो, कारण जुना चुना दाबून बाजूला सारताना कण सुटतात. खर्चाचा आकडा ऐकण्याआधी जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडायला लागला, बोलणं जड झालं, तर पहिली गोष्ट घड्याळ: माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि मोजणी त्या वेळेपासून होते, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. तोंडातून पाणी, औषध काही नको. बीपीची गोळी जिभेखाली नको. लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला न्यायचं डोक्यातून काढा, निदान आजचा दिवस. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या ठिकाणीच न्या. हे ठिकाण आजच विचारून ठेवा. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं, तिथं जिल्ह्याचा अभिमान आड येऊ देऊ नये. सोबत इकोचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि शेवटची आयएनआर चिठ्ठी. आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते इंजेक्शन देत नाहीत. नव्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला ते विचारतील.

अ‍ॅसिट्रॉमवरच्या माणसांसाठी दोन गोष्टी. पोकळा, मेथी, चाकवत बंद करू नका. आठवड्याला जेवढं खाता तेवढंच खात राहा, कारण डोस त्या खाण्यावर बसवलेला असतो. श्रावणात एकदम पालेभाजीवर आलात किंवा गुडघेदुखीची गोळी सुरू केलीत तर आयएनआर आठवडाभरात तपासा. दुसरं, जुलै लागला की दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद पडला होता. कृत्रिम झडपेवर गोळी चुकली की गुठळी धरायला फार दिवस लागत नाहीत. गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात, माळ्यावर, आणि त्याच डब्यात रिपोर्टची एक झेरॉक्स.